पोपटातला जीव आणि मैलारचा कुत्रा

इंदूरपासून पन्नास-साठ किलोमीटरवर, देपालपूर तालुक्यात गौतमपुरा नावाचे छोटेसे गाव आहे. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई, म्हणजे अहिल्याबाईंच्या सासूबाई, यांच्या नावावरून हे नाव पडले. माझी धाकटी नणंद तिथे दिली आहे. 2025 ची दिवाळी आम्ही सगळ्यांनी, अगदी सासूबाईंनाही सोबत घेऊन, तिच्याकडे केली. सासूबाई मूळच्या गोकाकच्या. घरात त्यांना लहानथोर सगळेच अज्जी म्हणतात.

गौतमपुऱ्याची दिवाळी म्हणजे हिंगोट. हिंगोट हे एका काटेरी झाडाचे टणक सालीचे फळ. आतला गर कोरून काढतात, फळ वाळवतात, त्यात दारू ठासतात आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेटवून समोरच्यांवर फेकतात. एक पक्ष गौतमपुऱ्याचा, दुसरा शेजारच्या रुणजी गावाचा. दरवर्षी माणसे भाजतात. 2017 मध्ये एका तरुणाचा जीवही गेला. मला हा प्रकार आवडला असे मी म्हणणार नाही. पण त्या दोन पक्षांची नावे ऐकून मात्र कान टवकारले. तुर्रा आणि कलगी! आपल्याकडच्या शाहिरांचे कलगी-तुरा. एक शक्तीची बाजू घेणारा, दुसरा शिवाची. बेळगाव-विजापूरकडचे गीगी पद गाणारे त्यालाच हरदेशी-नागेशी म्हणतात आणि रात्रभर एकमेकांना कोडी घालतात. देहाच्या पिंजऱ्यातला पक्षी कोण, तो कुठून आला, जाताना कुठल्या दाराने गेला, अशी ती कोडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर आमच्या मुलांचेही असेच कलगी-तुरे रंगले. विषय होता एका इंग्रजी कादंबरीमालेचा. फिलिप पुलमन हे एकेकाळी ऑक्सफर्डला शाळेत शिकवणारे मास्तर. त्यांच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’ या मालिकेचे तीन भाग 1995, 1997 आणि 2000 मध्ये आले. 2007 मध्ये पहिल्या भागावर सिनेमा निघाला, 2019 ते 2022 या काळात दूरचित्रवाणीवर मालिका झाली. त्याच नायिकेची पुढची-मागची हकीकत सांगणारी दुसरी त्रयी 2017 मध्ये सुरू झाली आणि तिचा शेवटचा भाग नेमका त्या दिवाळीच्या आठवड्यात इंग्लंडात प्रसिद्ध झाला. त्यामुळे माझी लेक आणि दहावीतली भाची दोघी पेटलेल्या होत्या.

ज्यांनी वाचले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या कथेतल्या जगात प्रत्येक माणसाचा जीव त्याच्या शरीराबाहेर, एका प्राण्याच्या रूपात, त्याच्या सोबत वावरतो. त्याला ‘डीमन’ म्हणतात. तो बोलतो, भांडतो, सल्ला देतो. माणसापासून तो चार पावलांपलीकडे गेला तर दोघांनाही असह्य वेदना होतात. दुसऱ्याच्या डीमनला हात लावणे ही तर घोर निषिद्ध गोष्ट. माणूस मेला की डीमन विरून जातो. आणि सगळ्यात सुंदर कल्पना ही, की मुलांचे डीमन सारखे रूप बदलतात, आत्ता पतंग तर मग मांजर, मग मासा. वयात आल्यावर मात्र ते एका रूपात कायमचे स्थिरावतात.

साहजिकच वाचणाऱ्या प्रत्येक मुलापुढे एकच प्रश्न उभा राहतो. माझा कोण असेल?

त्यातून पुढचे प्रश्न फुटतात. मुले त्यांवर किती बारकाईने भांडतात हे ऐकून मला आमच्या विद्यापीठातले चर्चासत्र फिके वाटले. डीमन मासा झाला तर माणसाने राहायचे कुठे? (पुस्तकात एका म्हाताऱ्या खलाशाच्या तोंडी अशा माणसाची गोष्ट आहे, ज्याचा डीमन डॉल्फिन होऊन बसला आणि त्याला पुन्हा जमिनीवर येता आले नाही.) जुळ्यांचे डीमन एकसारखे असतील का? आपल्या जगातल्या माणसांना डीमन नसतातच, की असतात पण दिसत नाहीत? या शेवटच्या प्रश्नाला पुलमननी उत्तर दिले आहे. आपल्या जगातल्या विल नावाच्या मुलाचा डीमन आधी आत असतो आणि फार मोठी किंमत मोजल्यावर बाहेर दिसू लागतो.

मग माझ्या लेकीने जो प्रश्न टाकला तो कुठल्याही इंग्रज मुलाला सुचला नसता. “माझा डीमन माझ्याशी मराठीत बोलेल की कन्नडमध्ये?”

गच्चीवर क्षणभर शांतता. भाची म्हणाली, “माझा तर हिंदीतच बोलेल, मामी.” ती सहज म्हणाली, पण पापड वाळत घालणाऱ्या नणंदेचा हात थांबलेला मी पाहिला. दोन दशके त्या घरात मराठी टिकवायला ती धडपडते आहे.

अज्जींना इतका वेळ फक्त ‘डीमन’ एवढाच शब्द कळत होता आणि तो त्यांनी त्यांच्या परीने लावून घेतला होता. “राक्षस? राक्षसाचा जीव पोपटात असतो,” त्या म्हणाल्या. मुले खो खो हसली. खरे तर पुलमनचा शब्द त्या अर्थाचा नाही. तो ग्रीक आहे आणि सॉक्रेटिस आपल्या आतल्या सावध करणाऱ्या आवाजाला जे म्हणत असे त्या शब्दाच्या कुळातला आहे. पण अज्जींचे उत्तर मला जास्त आवडले, कारण त्यांनी नकळत या सगळ्या प्रकाराचा आपल्याकडचा पत्ता सांगितला होता.

राक्षसाचा जीव पोपटात, ही गोष्ट आपण सगळ्यांनी दोन्ही भाषांत ऐकली आहे. ती इंग्रजी छापखान्यात गेली तीही आपल्याच मुलखातल्या एका बाईच्या तोंडून. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर 1865-66 च्या हिवाळ्यात दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांची मुलगी मेरी सोबत होती. तिची आया अ‍ॅना लिबराटा डिसोझा. अ‍ॅनाच्या आजोबांचे घराणे मूळचे लिंगायत. ते लोक गोव्याजवळ येऊन राहिले आणि तिथे आजोबा ख्रिस्ती झाले. लहानपणी आजीकडून ऐकलेल्या गोष्टी अ‍ॅनाने मेरीला सांगितल्या. मेरीने त्या लिहून काढल्या आणि 1868 मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघाले. त्यातली पहिलीच गोष्ट ‘पंचकिन’ नावाच्या जादूगाराची.

पंचकिनचा जीव दूर निबिड अरण्यात, ताडांच्या वर्तुळात, एकावर एक रचलेल्या सहा पाण्याच्या घड्यांच्या खाली, पिंजऱ्यातल्या एका हिरव्या पोपटात असतो. नायिकेचा मुलगा तो पोपट मिळवतो. पोपटाचा एक पंख उपटला की जादूगाराचा हात गळून पडतो, दुसरा उपटला की दुसरा. शेवटी मान मुरगळली की खेळ संपतो. पुढे फ्रेझर नावाच्या विद्वानाने जगभरातून ‘देहाबाहेर ठेवलेला जीव’ या कल्पनेच्या कथा गोळा केल्या तेव्हा त्याने ही कथाही त्यांत घेतली. एका लिंगायत घराण्यातल्या गोव्याकडच्या आजीची गोष्ट अशी केंब्रिजपर्यंत पोहोचली.

आता गंमत बघा. पंचकिनला कुणी विचारत नाही की बाबा, तुझा प्राणी वाघ का नाही, पोपटच का? गोष्टीत तो प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच, की तो कुठे आहे आणि कुणाच्या हाती लागेल. प्राण्यात जीव असणे म्हणजे जिथे आपल्याला सर्वात सहज मारता येते ती जागा शरीराबाहेर उघडी असणे. पुलमनलाही हे पक्के ठाऊक आहे. त्यांच्या पहिल्या भागात उत्तरेकडच्या एका केंद्रात मुलांना पकडून नेतात आणि मूल व डीमन यांच्यातले बंधन पात्याने कापतात. असा कापलेला एक मुलगा नायिकेला सापडतो. आपला प्राणी हरवल्यावर त्याच्या जागी तो एक सुका मासा छातीशी घट्ट धरून बसलेला असतो. मी दोन मुलांची आई आहे, पंचवीस वर्षांत बरेच साहित्य वाचले आणि शिकवले आहे, पण ते पान मला पुन्हा उघडवत नाही.

आणि आमची मुले काय करतात? हिमबिबट्या, गरुड, काळा चित्ता अशी यादी करतात. डीमन म्हणजे छातीवर लावायचा बिल्ला. गच्चीवरही तेच झाले. एकाने वाघ घेतला, दुसऱ्याने ससाणा. भाची जरा विचार करून म्हणाली, “माझा कुत्रा असेल.” लगेच तिच्या भावाने तिला पुस्तकातला नियम ऐकवला, की त्या जगात नोकरचाकरांचे डीमन कुत्रेच असतात! म्हणजे हिला हुकूम पाळायची हौस. मुलगी एवढीशी झाली आणि खाली निघून गेली.

नियम पुस्तकात आहे हे खरे. पण तो इंग्रज वाड्यातला नियम आहे. होळकरांच्या गावात बसून कुणी कुत्र्याला हलके म्हणावे, हे मला काही रुचले नाही.

होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. घराण्यातली नावेच पाहा, मल्हारराव आणि त्यांचे चिरंजीव खंडेराव, दोन्ही नावे देवाचीच. जेजुरीच्या देवळाच्या बांधकामात या घराण्याचा मोठा वाटा आहे. आणि खंडोबाच्या घोड्यासोबत असतो कुत्रा. एवढेच नव्हे, खंडोबाचे भक्तच त्याचे कुत्रे होतात. मराठीत वाघ्या, कन्नडमध्ये गोरवय्या. वाघ्याच्या गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, ती परंपरेने वाघाच्या कातड्याची, आणि हाती भिक्षेचा कोटंबा. गोरवय्याच्या अंगावर काळी घोंगडी, डोक्यावर अस्वलाच्या केसांची टोपी, हातात डमरू. आपण लहानपणी दोन्ही दारात आलेले पाहिले आहेत. देवापुढे गोरवय्या दोणी नावाच्या लाकडी भांड्यांत दूध-केळी-तूप ठेवतात, चार पायांवर येतात, गुरगुरतात, भुंकतात आणि हात न लावता तोंडाने खातात. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने कित्येक वर्षे धनगर आणि खंडोबाभक्तांमध्ये फिरून याची नोंद केली, आणि रा. चिं. ढेरे यांनी मराठी-कन्नड दोन्ही बाजूंचा धागा उलगडून दाखवला. आपण जो ‘येळकोट’ करतो तो शब्द कन्नड आहे, ‘एळु कोटी’ म्हणजे सात कोटी, हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको.

पुलमनच्या कुत्र्यात आणि मैलारच्या कुत्र्यात फरक हा आहे. तिथे माणूस मालक आणि प्राणी त्याचा स्वभाव दाखवणारा. इथे माणूस स्वतःच प्राणी होतो, कारण त्याला कुणाचे तरी व्हायचे आहे. एकनाथांनाही वाघ्याच्या तोंडून भारूड रचावेसे वाटले ते उगीच नाही. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे बसलेले असतात आणि आपण त्यांना चार वेद मानतो. धर्मराज स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी अडून बसला. रायगडावरचा वाघ्या कुत्रा शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेतो, ही कथा इतिहासकारांना समकालीन कागदांत सापडत नाही. 1936 मध्ये उभ्या राहिलेल्या त्या स्मारकावरून 2012 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये वाद झाले. त्या वादात मी पडत नाही. पण कथा कुणीही रचलेली असो, रचणाऱ्याला एवढे कळत होते की माणूस गेल्यावर त्याचा सोबती मागे उरू नये. पुलमनचा डीमन विरतो, आपला वाघ्या उडी घेतो.

तुम्ही म्हणाल, बाई, हे फार गोड करून सांगताय. बरोबर आहे. नवसाची मुले देवाला वाहिली जात. मुलगा वाघ्या आणि मुलगी मुरळी. मुरळ्यांचे पुढे काय होत असे हे सगळ्यांना माहीत आहे. मुंबई इलाख्यात 1934 मध्ये आणि कर्नाटकात 1982 मध्ये देवदासी सोडण्याविरुद्ध कायदे करावे लागले ते त्यामुळेच. जन्मायच्या आधीच पोराचे रूप आईबापांनी ठरवून टाकायचे, आणि त्याने जन्मभर त्यातच राहायचे. त्या उत्तरेकडच्या पात्यापेक्षा हे फार वेगळे आहे असे मला वाटत नाही. आणि माणसाने जमिनीवरून तोंडाने खाण्यात काय अपमान दडला आहे हे ज्या जातींना ठाऊक आहे, त्यांनी हा विधी नको म्हटले तर त्यांना भक्तीची महती ऐकवायचा आपल्याला अधिकार नाही.

जन्माने मिळणारा प्राणी आणखीही एक आहे. लग्नात आपण देवक बसवतो. कुणाचे पंचपल्लव, कुणाचे कळंब, कुणाचे मोराचे पीस. कन्नड मुलखात बेडगु किंवा बळि म्हणतात आणि त्यांत हरीण, कासव अशी नावे येतात. ज्याचे जे देवक त्याने ते तोडायचे नाही, मारायचे नाही, आणि एका देवकाच्या दोघांनी लग्न करायचे नाही. गच्चीवर मी हे सांगितले तेव्हा लेकीची निराशा झाली. “म्हणजे मला निवडताच येणार नाही?” पण पुलमनच्या जगात तरी कुठे निवडता येते? तोच म्हातारा खलाशी नायिकेला सांगतो, की पुष्कळांना सिंह हवा असतो आणि पदरी पडतो पूडल, आणि जोवर जे पडले त्यात समाधान मानायला माणूस शिकत नाही तोवर त्याची चिडचिड संपत नाही. मुले या मालिकेची इतकी पारायणे करतात, पण नेमके हे वाक्य कुणी सांगत नाही!

मला हा विषय मुलांचा खेळ म्हणून सोडून देता येत नाही, त्याचे कारण माझा वर्ग. दरवर्षी जूनमध्ये पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षाला सोळा वर्षांची मुले समोर येऊन बसतात. दहावीपर्यंत घरात एक भाषा, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी अशी त्यांची रूपे तासातासाला बदलत असतात आणि त्यांना त्याचे काहीच वाटत नाही. मग एकदम सगळीकडून विचारणा सुरू होते. सायन्स की कॉमर्स? तू मराठी की कन्नड? एक काय ते सांग. फॉर्मवर मातृभाषेचा एकच रकाना असतो. गेल्या काही वर्षांत मी पाहते आहे, आई कन्नड आणि वडील मराठी असलेली मुले त्या रकान्यापाशी पेन धरून थांबतात. काही जण आईकडे फोन करतात.

वाघ्यांमध्ये एक जुनी विभागणी आहे, ती मला अशा वेळी आठवते. दारवाघ्या आणि घरवाघ्या. दारवाघ्या जन्मभर दारोदार वारी मागत फिरतो. घरवाघ्या प्रपंच करतो, नोकरी-शेती सांभाळतो, आणि नवसापुरता, ठरल्या दिवशी तेवढा देवाचा कुत्रा होतो. दोघेही वाघ्याच. घरवाघ्याला कुणी अर्धा म्हणत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील असे घरवाघ्या आहेत. एरवी ते बँकेत कारकून, मराठी माणसाशी मराठीत आणि कन्नड माणसाशी कन्नडमध्ये बोलणारे, नीट भांग पाडलेले गृहस्थ. चंपाषष्ठीला ते मंगसुळीला जातात. तिथे सांगली-कोल्हापूरचे लोक येतात तसे अथणी-विजापूरचेही येतात. कपाळभर भंडारा लावून, गळ्यात पिशवी घालून ते पटांगणात उतरतात. मुलगा आठवीत असताना पहिल्यांदा सोबत गेला आणि बापाला चार पायांवर भुंकताना पाहून लाजेने मंडपाच्या खांबामागे लपला, हे त्यानेच मला सांगितले. मी विचारले, आता? तो म्हणाला, “आता मी त्यांचा चष्मा आणि घड्याळ सांभाळत उभा असतो, मॅडम. कुणी तरी धरायला लागतंच ना.”

रात्री परतताना म्हणे बापलेक एसटीत शेजारी बसतात. भंडारा अजून कानामागे असतो, आणि वडील खिडकीकडे तोंड करून झोपलेले असतात.